गच्चीवर मातीविना भाजी: बेचाळीस हजारांच्या आधी एक खोकं

पत्राचा सारांश: जुळे सोलापुरातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. वय ४१, घरीच शिवणकाम. घरावर सहाशे चौरस फुटांची मोकळी गच्ची, तिथे सासूबाईंच्या पस्तीसेक कुंड्या: मेथी, शेपू, अंबाडी, मिरची, कढीपत्ता. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, मधल्या दिवसांत बोअर. कुंड्यांच्या कडांवर पांढरा थर चढतो आणि उन्हाळ्यात निम्मी झाडं जातात. एका विक्रेत्याने १०८ छिद्रांचा पाइपांचा हायड्रोपोनिक (मातीविना, खत मिसळलेल्या पाण्यावर भाजी वाढवायचा) संच ४२,००० रुपयांत बसवून देतो म्हटलंय. त्याचं म्हणणं असं की नव्वद टक्के पाणी वाचतं, कीड येत नाही, बारा महिने लेट्यूस निघतं आणि हॉटेलवाले घरी येऊन घेऊन जातात. भिशीचे पैसे पुढच्या महिन्यात हातात येणार आहेत. सासूबाई म्हणतात, ‘मातीशिवाय उगवलेलं काय खायचं?’ ताईंचा प्रश्न: कुंड्या काढून टाकून संच बसवावा का?

ताई,

थेट उत्तर आधी देते. कुंड्या काढू नका, आणि संच या वर्षी घेऊ नका. हायड्रोपोनिक मात्र जरूर करून बघा, पण थर्माकोलच्या एका खोक्यात आणि दसऱ्यानंतर. असं का, ते सविस्तर सांगते, कारण तुमच्यासारखीच पत्रं अक्कलकोट रस्त्यावरून आणि बार्शीहूनही येत असतात.

आधी ते नव्वद टक्के पाणी. आकडा हवेतून आलेला नाही, पण तुलना कशाशी केली ते विचारायला हवं. रानात पाट सोडून भिजवलेल्या पिकाशी तुलना केली तर बचत खरोखर मोठी दिसते, कारण पाटाचं बरंचसं पाणी जमिनीत खोल मुरतं नाहीतर उन्हात उडून जातं. तुम्ही मात्र तांब्याने कुंडीला पाणी घालता. तिथे वाया जातं ते कुंडीच्या बुडातून गळणारं आणि वरच्या उघड्या मातीतून उडणारं. कुंडीखाली ताटली आणि मातीवर उसाच्या पाचटाचा दोन बोटं जाड थर, एवढ्यावर त्यातलं बरंचसं वाचतं. पानांतून जे पाणी उडतं ते झाड मातीत असो की पाइपात, उडणारच. एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात दोघांनाही तहान सारखीच लागते.

आता ती पांढरी कड. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. कूलरच्या गवताच्या पॅडवर मे महिन्यात जो कडक पांढरा थर जमतो, तोच हा. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. तुम्हाला वाटतंय की हा मातीचा दोष आहे आणि माती गेली की तोही जाईल. दोष पाण्याचा आहे, आणि ते पाणी संचाच्या टाकीतही तेच असणार. उलट मातीत शेणखत आणि चिकणमाती हा मारा काही काळ झेलतात. टाकीत झेलायला कोणी नसतं. मुळं थेट त्या पाण्यात बुडालेली असतात.

म्हणून सगळ्यात आधी एक ईसी मीटर घ्या. पाण्यात विरघळलेले क्षार तो मोजतो. घेताना थेट ईसी दाखवणाराच घ्या. पीपीएम दाखवणारे काही मीटर ईसीला ५०० ने गुणतात, काही ७०० ने, त्यामुळे दोघांचे आकडे जुळत नाहीत. नळाचं आणि बोअरचं पाणी वेगवेगळं मोजा. ईसी ०.५ मिलिसीमेन्सच्या (mS/cm) आत असेल तर उत्तम, ०.८ पर्यंत जमवून घेता येतं. १ च्या वर गेलं की त्या पाण्यात लेट्यूससाठी खत घालायला जागाच उरत नाही, कारण लेट्यूसला खतासकट एकूण ईसी १.२ ते १.६ एवढीच मानवते. बोअरच्या पाण्याचा आकडा बघून दचकू नका, आपल्या भागात ते नवल नाही.

विक्रेता यावर आरओ सुचवेल. घरगुती आरओ एक लिटर गोड पाण्यामागे साधारण दोन-तीन लिटर खारं पाणी बाहेर टाकतो. ज्या घरात नळ चार दिवसांनी येतो, तिथे पाणी वाचवायच्या नावाखाली हा उद्योग कशाला? त्यापेक्षा पाऊस धरा. सहाशे चौरस फूट म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. त्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला की ५६० लिटर होतात. पहिलं धुळकट पाणी सोडून दिलं तरी साडेचारशे लिटर कुठे गेलं नाही. आपल्याकडचा बराचसा पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो, म्हणजे थंडीच्या हंगामाआधी दोन झाकणबंद पिंपं सहज भरून ठेवता येतील. पावसाच्या पाण्याची ईसी जवळजवळ शून्य असते. नळाच्या पाण्यात ते निम्मं मिसळलं की आकडा निम्म्यावर येतो.

‘बारा महिने लेट्यूस’ ऐकल्यावर विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: मे महिन्यात दुपारी तीन वाजता तुमच्या टाकीतलं पाणी किती अंश असतं? मुळांना १८ ते २४ अंशांचं पाणी आवडतं. २८ च्या पुढे कुरबुर सुरू होते. पाणी जितकं तापतं तितका त्यातला प्राणवायू कमी होतो: २० अंशांना लिटरमध्ये जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम मावतो, ३५ अंशांना ७ च्या आसपास. त्यात उष्णतेने मुळांची प्राणवायूची भूक वाढलेली असते. अशा गुदमरलेल्या मुळांवर पिथियम नावाची कूज बसते. मुळं तपकिरी, बुळबुळीत होतात, नाल्यासारखा वास येतो, आणि पाण्यात उभं असलेलं रोप भर दुपारी पाणी न मिळाल्यासारखं माना टाकतं.

शेडनेट ऊन अडवतं, हवा गार करत नाही. चाळीस-बेचाळीस अंशांच्या हवेत पातळ पाइपातून दिवसभर फिरणारं पाणी त्या हवेइतकंच तापायला निघतं. बर्फ टाकू म्हणाल तर हिशेब करून बघा. शंभर लिटर पाणी ३२ वरून २४ अंशांवर आणायला आठ किलोच्या आसपास बर्फ लागतो. तो वितळून संपला की तासा-दोन तासांत पुन्हा तेच. आणि पाणी गार ठेवलं तरी हवेच्या उष्म्याने लेट्यूस दांडा टाकतं, पानं कडू होतात. सोलापुरात लेट्यूसचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत. बाकीचे सात महिने ते पाइप रिकामे ठेवायची तयारी हवी.

हे धरून पैशांचा हिशेब मांडू. पाच महिन्यांत, रोपं वेगळी तयार ठेवली तर, एका छिद्रातून चार पिकं निघतील. १०८ गुणिले चार म्हणजे ४३२, त्यातली वीस टक्के मर सोडली की साडेतीनशे गड्डे. एकेक दीडशे ग्रॅमचा धरला तर हंगामाला बावन्न-त्रेपन्न किलो. संच पाच वर्षं टिकला तर वर्षाला ८,४०० रुपये, म्हणजे नुसत्या संचापोटी किलोमागे एकशे साठ रुपये. बी, खत, वीज आणि तुमचे हात वेगळेच. ‘हॉटेलवाले घरी येऊन नेतात’ याची खात्री तुम्ही स्वतः करा: पाच हॉटेलांच्या मुदपाकखान्यात जाऊन विचारा की लेट्यूस आठवड्याला किती लागतं, कुठून येतं, आणि मार्च ते सप्टेंबर मी देणार नाही, चालेल का. बहुतेक ठिकाणी गाडी या शेवटच्या प्रश्नावर अडेल.

वीज गेली तर काय, हेही विचारा. पाइपांच्या संचात मुळांखालून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहत असतो. पंप थांबला की तो संपतो, आणि कडक उन्हात तासाभरात रोपं लोळायला लागतात. कुंडीतल्या मातीला वीज गेल्याचं कळतही नाही. मातीत चूक झाली तर ती चार दिवसांनी दिसते आणि सावरायला वेळ मिळतो. पाण्यातली चूक संध्याकाळपर्यंत दिसते.

किडीबद्दल थोडक्यात: मातीतले रोग टळतात, मावा आणि पांढरी माशी टळत नाहीत. त्यांना पंख आहेत.

तर आता ते खोकं. फळांच्या किंवा औषधांच्या दुकानात थर्माकोलचं जाड खोकं मिळतं. आतून साधारण ५५ गुणिले ३५ सेंटिमीटर आणि वीस सेंटिमीटर खोल असं बघा. प्लॅस्टिकच्या टबापेक्षा हे चांगलं, कारण थर्माकोल उष्णता अडवतो. आत काळं प्लॅस्टिक अंथरा, झाकणात वीस-वीस सेंटिमीटरवर सहा छिद्रं पाडा, जाळीचा दोन इंची कप घट्ट अडकेल एवढी. उजेड आत शिरता कामा नये, नाहीतर शेवाळ धरतं. फट राहताच कामा नये, नाहीतर डास अंडी घालतात, आणि डेंग्यूचा डास असल्याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. कपाभोवती फट दिसली तर फोमची चकती बसवा.

जाळीच्या कपांत धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरा आणि लेट्यूसचं बी त्यावर नुसतं टेकवा, पुरू नका, त्याला रुजायला उजेड लागतो. तीसच्या आसपास तापमान गेलं की हे बी झोपून राहतं आणि लोक बियाण्याला शिव्या देतात. ऑक्टोबरात या कपांचा ट्रे घरात माठाशेजारी ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब दिसला की त्याच दिवशी उजेडात आणा. एक दिवस उशीर झाला तरी रोप दोऱ्यासारखं लांबतं आणि पुढे आडवं पडतं. तीन आठवड्यांत कपाच्या जाळीतून पांढरी मुळं बाहेर डोकावली की रोप खोक्यात जायला तयार झालं.

खताची बाजू नीट समजून घ्या, बहुतेकांचं इथेच फसतं. दुकानदार १९:१९:१९ देईल, कारण ठिबकवाले सगळे तेच नेतात. मातीसाठी ते चांगलं आहे. पण त्यातलं निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असतं. युरियाचं झाडाला घेता येईल असं नायट्रेट करायचं काम मातीतले जिवाणू करतात, आणि तुमच्या खोक्यात माती नाही. शिवाय त्यात कॅल्शियम अजिबात नाही. त्याऐवजी दोन बाटल्या बनवा, प्रत्येकी एक लिटरच्या. पहिलीत १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आणि ४ ग्रॅम चिलेटेड लोह (१२ टक्क्यांचं). दुसरीत ६० ग्रॅम तेरा-शून्य-पंचेचाळीस (पोटॅशियम नायट्रेट), ३० ग्रॅम शून्य-बावन्न-चौतीस (मोनो पोटॅशियम फॉस्फेट), ६० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि बोरॉन, मँगनीज, जस्त, तांबं, मॉलिब्डेनम असलेलं चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण, पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणात. हे २०० लिटर द्रावणाला पुरतं. दहा लिटर पाण्याला पहिल्या बाटलीतलं ५० मिली घाला, ढवळा, मग दुसरीतलं ५० मिली. दोन्ही बाटल्या एकमेकींत कधीही ओतू नका. कॅल्शियम आणि सल्फेट-फॉस्फेट दाट अवस्थेत भेटले की तळाशी चुनकळीसारखा गाळ बसतो, आणि तो गाळ म्हणजे तुमचं खत. या प्रमाणाने पाण्याच्या मूळ ईसीत साधारण १.३ ची भर पडते. नळाचं पाणी ०.५ असेल तर ५० ऐवजी ४० मिली पुरे.

खोक्यात पंधरा सेंटिमीटर पाणी भरलं की अठ्ठावीस-एकोणतीस लिटर मावतं. कपाचं बूड पाण्यात एखादा सेंटिमीटर बुडलं पाहिजे. पंप नाही, वीज नाही. रोप पाणी पीत जातं, पातळी उतरते, आणि वर उघडी पडलेली मुळं हवेतून श्वास घ्यायला शिकतात. पुढचा धोका मायेपोटी होतो: पाणी कमी दिसलं म्हणून पुन्हा काठोकाठ भरलं जातं, हवेला सरावलेली मुळं बुडतात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सहाही रोपं माना टाकतात. पाणी एक तृतीयांशावर आलं की भरा, पण निम्म्यापर्यंतच, आणि निम्म्या ताकदीचं द्रावण. खोक्यातलं राहिलेलं पाणी तोवर आपोआप दाट झालेलं असतं, कूलरसारखंच.

पीएच, म्हणजे पाणी किती आंबट किंवा खारट-तुरट आहे (आम्ल की अल्कली) ते सांगणारा आकडा, ५.५ ते ६.५ हवा. आपलं पाणी जड, त्यामुळे तो ८ कडे सरकतो, आणि मग लोह असूनही रोपाला घेता येत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की हेच समजा. मत्स्यालयाच्या दुकानात पीएच तपासायची थेंबांची बाटली मिळते, सुरुवातीला तेवढी पुरे. उतरवायला लिंबू पिळू नका; जिवाणू लिंबाचं आम्ल खाऊन टाकतात आणि दोन दिवसांत आकडा परत वर जातो. फॉस्फोरिक आम्ल आणा. हातमोजे घालून एक लिटर पाण्यात १० मिली आम्ल सोडा (आम्लात पाणी कधीही ओतायचं नाही). त्यातलं वीस-वीस मिली खोक्यात घालून ढवळा आणि पंधरा मिनिटांनी मोजा. अर्धा लिटर घालूनही पीएच हलला नाही तर आम्ल वाढवू नका, पावसाचं पाणी वाढवा.

दसऱ्याला बी टाकलंत तर पहिली काढणी नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरात. दुसऱ्या खेपेची रोपं आधीच तयार ठेवलीत तर ती जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास काढायला येतील. सहा गड्डे म्हणजे भाजीची सोय नव्हे, हे मान्य. पण हात बसतो, आणि तेवढ्यासाठी भिशीला हात लावावा लागत नाही.

सगळं पाण्यात वाढवायचा हट्ट मात्र धरू नका. लेट्यूस, पाकचोय, पुदिना, बेसिल पाण्यात छान येतात. पालक येतो, पण मूळकुजीला लवकर बळी पडतो. मेथी तर वीस-पंचवीस दिवसांत मुळासकट उपटायची भाजी. तिची एक पेंडी बाजारात काय भावाने मिळते ते तुम्हाला ठाऊक आहे, तिच्यासाठी कप आणि छिद्रं कशाला? मुळा, गाजर, बीट मातीतच. उन्हाळ्यात अंबाडी, पोकळा, चवळी मातीत तग धरतात, आणि लेट्यूसला ते कधी जमायचं नाही. मिरची-टोमॅटो पाण्यात करायचेच असतील तर पाइपात नको, कोकोपीटच्या बादल्यांत ठिबक देऊन करा. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, वीज गेली तरी दिवसभर निभावतं.

कुंड्यांची दुरुस्ती लगेच करता येईल. नुसती काळी माती कुंडीत घट्ट बसते, वाळली की भेगा पडतात आणि पाणी त्या भेगांतून सरळ खाली जातं. एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट किंवा बारीक मुरूम, असं मिसळा. पावसाळ्यात कुंड्या दोन-तीन वेळा बुडातून भरपूर निथळेपर्यंत पावसाच्या पाण्यानेच भिजू द्या, वर्षाचे क्षार धुऊन जातात. उन्हाळ्यात पन्नास टक्क्यांची शेडनेट आणि पाचट. उन्हाळ्यात निम्मी झाडं जातात म्हणता, त्यातली बरीच यावर वाचायला हवीत.

वजनाचंही बघा. वापरातल्या गच्चीचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला १५० किलोच्या अतिरिक्त भारासाठी धरलेला असतो. दोनशे लिटरचं भरलेलं पिंप दोनशे किलोंचं. ते गच्चीच्या मधोमध नको, खाली भिंत किंवा तुळई असेल तिथे कडेला ठेवा. घर जुनं, माळवदाचं असेल तर पिंप खालीच अंगणात.

सासूबाईंच्या प्रश्नाला उत्तर द्यायची घाई करू नका. मुळं शेणखतातलं नत्रही शेवटी बरंचसं नायट्रेट म्हणूनच घेतात, त्या अर्थी पाण्यातली भाजी ‘औषधावरची’ नाही. पण त्यांचा आक्षेप बहुधा रसायनशास्त्राचा नसावा. पस्तीस कुंड्या त्यांनी लावल्या आहेत, आणि तुमच्या पत्रात त्या काढण्याची गोष्ट आहे. खोकं कुंड्यांच्या रांगेतच ठेवा, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी. मावा आला तर तो त्यांना तुमच्या आधी दिसेल. खोक्यातलं द्रावण दर खेपेनंतर बदलावं लागतं, आणि ते मोरीत ओतायचं नाही: दुप्पट साधं पाणी घालून कढीपत्त्याला आणि मिरचीला द्या. त्यात नत्र-पालाश शिल्लक असतं, मातीला ते चालतं.

एक वही ठेवा. रोज दुपारी तीनला खोक्यातल्या पाण्याचं तापमान, आठवड्यातून दोनदा ईसी आणि पीएच, भरलेलं पाणी लिटरमध्ये. फेब्रुवारीच्या अखेरीस एखादं खोकं मुद्दाम चालू ठेवा आणि पाणी २८ अंशांच्या वर कोणत्या तारखेला गेलं ते लिहून ठेवा. विक्रेता पुन्हा आला की वहीचं तेच पान त्याच्यासमोर उघडा आणि त्या तारखेनंतर त्याचा संच काय करतो ते विचारा.